लहान कुत्र्याच्या बदनामीचा इतिहास

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६८५ च्या फेब्रुवारीत वारला, तेव्हा दरबारात ऊठबस असलेल्या जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत राजाचे गुणदोष लिहून ठेवले. राजाला छोट्या स्पॅनियल कुत्र्यांचा भारी नाद होता, ती त्याच्या शयनगृहातच लोळत, माद्या तिथेच विऊन पिल्लांना पाजत, आणि त्या घाणीने सगळ्या दरबाराला दुर्गंधी येई, अशी त्यात तक्रार आहे. या तक्रारीचा रोख कुत्र्यांवर नाही, राजावर आहे. कुत्र्यांना शिकवून पाहिलं आणि ती शिकली नाहीत, असं एव्हलिन कुठेच म्हणत नाही. राजवाड्यात पुसायला नोकर होते, त्यामुळे शिकवायचं कारणच कोणाला पडलं नाही. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १५७० मध्ये, जॉन कीज या वैद्याने इंग्लंडमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात शिकारी आणि राखणदार कुत्र्यांची कामं तपशिलाने आहेत, पण श्रीमंत बायकांच्या कुशीतल्या इवल्या कुत्र्याच्या वाट्याला मालकिणीच्या पोटाला ऊब देण्यापलीकडे फारसं काम नाही. लहान जातीची कुत्री घर घाण करतात, त्यांना कितीही शिकवा, शिकत नाहीत, हा समज आज मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतही सर्रास ऐकू येतो. मला त्याची मुळं कुत्र्याच्या बुद्धीत नव्हे, तर माणसांच्या घरकामाच्या इतिहासात दिसतात. कित्येक शतकं या कुत्र्याला कोणी शिकवलंच नाही. आणि नोकर गेले, घरं लहान झाली, शिकवणं भाग पडलं, तेव्हा हाती आलेली पद्धत भलत्याच कामासाठी घडलेली होती.

कामाच्या कुत्र्याला शिकवण्याची विद्या मात्र जुनी आहे, आणि तिच्यात मायेचा धागा पहिल्यापासून आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक आरियन शिकारी कुत्र्यांवरच्या आपल्या ग्रंथात सांगतो, की कुत्रीने ससा धरला तर तिला कुरवाळावं आणि नाव घेऊन शाबासकी द्यावी. एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या शिकारीसाठी कुत्री तयार करताना चाबूक सर्रास वापरला जाई. अमेरिकेत एस. टी. हॅमंड याने १८८० च्या दशकात त्याविरुद्ध लिहिलं. कुत्र्याची जिद्द मोडण्याऐवजी त्याला शिकवा, आणि बरोबर वागला की मांसाचा तुकडा द्या, हे त्याचं सांगणं होतं. पण पुढच्या काळावर ठसा उमटला तो जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याचा. त्याचं पुस्तक १९१० मध्ये आलं. शिक्षा किंवा बक्षीस त्या कृतीच्या क्षणीच मिळालं पाहिजे, हे त्याने फार आधी ओळखलं, आणि त्याचं ते श्रेय मान्यच केलं पाहिजे. तरी त्याच्या पद्धतीचा कणा सक्तीचा होता, कारण त्याच्यासमोर पोलिसी आणि लष्करी कामाला निवडलेली मोठी कुत्री होती. दोन महायुद्धांनंतर या परंपरेत तयार झालेली माणसं घरगुती कुत्र्यांकडे वळली. विल्यम कोहलर याने महायुद्धात लष्कराची कुत्री शिकवली होती. गळ्याच्या साखळीला झटका देण्यावर उभं असलेलं त्याचं १९६२ चं पुस्तक अमेरिकेत घरोघरी पोचलं. पिल्लाचं नाक त्याच्याच शूमध्ये घासण्याचा तोडगा काही लष्करातून आला नाही, तो घराघरांतलाच होता. पण धाक हेच शिक्षण, अशी हवा झाल्यावर त्या तोडग्यालाही शास्त्राचा रुबाब आला. वास्तविक मोस्टच्या नियमातही तो बसत नाही, कारण नाक घासलं जातं तेव्हा कृती होऊन बराच वेळ गेलेला असतो.

त्या गेलेल्या वेळाने काय होतं, हे रिचर्ड सॉलोमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसतं. कुत्र्यांसमोर आवडीचं मांस आणि साधं कोरडं खाणं ठेवलं. मांसाला तोंड लावलं की काहींना तत्काळ फटका, काहींना पाच सेकंदांनी, काहींना पंधरा सेकंदांनी. मग माणूस खोलीतून गेला. तत्काळ फटका मिळालेली कुत्री सुमारे दोन आठवडे मांसापासून दूर राहिली, तर पंधरा सेकंदांनी मिळालेल्यांनी काही मिनिटांतच ते खाल्लं, आणि खाल्ल्यावर ती भेदरली. म्हणजे उशिराची शिक्षा कृती थांबवत नाही, नुसती भीती मागे ठेवते. ‘बघा, त्याला चूक कळते, तोंड पाडून बसलाय’ असं पालक म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या अभ्यासात हे अपराधी तोंड मालक रागावल्यावर दिसलं, मग कुत्र्याने गुन्हा केलेला असो वा नसो. पंधरा सेकंदांचा हा हिशेब असेल, तर संध्याकाळी कामावरून परतून सकाळच्या डागावर पिल्लाला दामटण्यात कसला अर्थ उरतो?

दुसरीकडे, पिल्लू स्वच्छतेची ओढ घेऊनच जन्माला येतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं पाहिली आणि १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. सुरुवातीला आई चाटून पिल्लाची शी-शू करवते आणि साफही करते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागतं, आणि आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास ठरावीक जागा धरतं. पिल्लू नव्या घरी येतं तेही बहुधा याच वयात. मायेच्या पद्धतीला या ओढीला फक्त वाट द्यायची असते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला त्याच एका जागी न्यायचं, थांबायचं, आणि शू झाली की तिथल्या तिथे, पुढच्या क्षणाला खाऊ द्यायचा. नजर ठेवता येत नसेल तेव्हा छोट्या जागेत ठेवायचं, आणि चुकून झालंच तर न बोलता पुसून वासही घालवायचा. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ च्या लेखात हेच तत्काळ बक्षीस सामान्य वाचकाला समजावलं, आणि कॅरन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवताना कमावलेलं ज्ञान १९८४ च्या पुस्तकातून कुत्रेवाल्यांपर्यंत नेलं.

यावर पहिला आक्षेप असा, की लहान जातीचं मूत्राशयच लहान, तिथे माया काय करणार? मूत्राशय लहान असतं, हे खरंच आहे. पण त्यावरून बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात एवढंच सिद्ध होतं. मार खाल्लेलं पिल्लू शू करायचं थांबत नाही, माणसासमोर करायचं थांबतं. सोफ्यामागे झालेला चमचाभर डाग दिवसभर कोणाला दिसत नाही, तर मोठ्या कुत्र्याचं तळं लगेच दिसतं. म्हणून लहान कुत्र्याची चुकीची सवय पक्की होत जाते आणि दोष जातीला लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पिढ्यान्‌पिढ्या कुत्री फटके खाऊनच शिकली, शिकली तर खरी! पण पिल्लू मोठं होताना त्याचा ताबा आपोआप वाढतो, आणि त्याचं श्रेय त्या दिवसांत घरात जी पद्धत चालू असेल तिला मिळतं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २००४ मध्ये ३६४ कुत्रेमालकांची उत्तरं तपासली, तेव्हा बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त आज्ञाधारक निघाली आणि शिक्षेबरोबर वर्तनाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. अर्थात ही मालकांनी स्वतः दिलेली माहिती आहे, आणि त्रासदायक कुत्र्यालाच मार जास्त बसत असेल, ही शंका रास्त आहे. नुसत्या पाहणीवर मी निर्णय सोडला नसता. पण सॉलोमनचा प्रयोग पाहणी नव्हता, आणि दोन्हींचा कल एकाच बाजूला आहे. शिवाय लहान कुत्रं शिकत नाही म्हणणाऱ्यांनी १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधला टोटो आठवावा. ते काम करणारी केर्न टेरियर कुत्री टेरी घरात शू करते म्हणूनच मालकांनी तिला कार्ल स्पिट्झच्या प्रशिक्षण शाळेत सोडली होती, असं सांगितलं जातं. पुढे तिने हाताच्या खुणांवर अख्खा चित्रपट निभावला.

आपल्याकडे लहान कुत्रं फ्लॅटबरोबर आलं. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी १९९४ चा, ‘हच’च्या जाहिरातीतला पग २००३ चा, या दोघांनी लहान कुत्र्यांची हौस घरोघरी नेली. अंगण नाही, लिफ्ट आहे, आणि घरात चार माणसं. व्हिएन्नात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सातत्य ठेवतात असं आढळलं, आणि वारंवार शिक्षा मिळणारी लहान कुत्री जास्त भित्री दिसली. आपल्या घरात हे सातत्य आणखी अवघड जातं. आजी बाल्कनीतल्या पेपरवर शू केली की शाबासकी देते, बाबा त्याच पेपरवर पाहून ओरडतात, कारण त्यांना पिल्लू खाली न्यायचं असतं, आणि मुलं दोन्ही वेळा बिस्किट देतात. त्या पिल्लाने कोणाचं ऐकायचं? जागा पेपरची की खालची, हे पिल्लू घरी आणायच्या आधी चौघांनी बसून ठरवायचं असतं, आणि पहाटे उठून नेणार कोण, हेही.