पोलिश पाहुण्यांचे वळिवडे, सिंध्यांचे गांधीनगर

परक्या माणसाला एखादे गाव कसे वागवते, हे तेथील लोकांच्या स्वभावावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील उदाहरणे पाहता, पाहुण्याचा मुक्काम किती आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोणती, हे प्रश्नही तितकेच निर्णायक ठरलेले दिसतात.

कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथे दोन निर्वासित समूह एकामागून एक आले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक इराणमार्गे येऊन १९४३ पासून येथील बराकींत राहिले. त्यांत स्त्रिया व मुलांचा भरणा होता. वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. सुरुवातीच्या काळात खर्चाचा मुख्य भार लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला होता. शिवाय हे लोक युद्ध संपल्यावर जाणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. अशा पाहुण्याशी जिव्हाळा जुळायला अडचण कसली? १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आजही त्या दिवसांची साक्ष देतो.

फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. यांना परतायला गाव उरले नव्हते. त्यांनी व्यापार धरला व पुढे घाऊक कापडाची मोठी पेठ उभी केली. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील गिऱ्हाईक तेथे येते. शहराने त्यांना आधी बाजारपेठ म्हणून स्वीकारले. त्यांचा स्मृतिस्तंभ नाही. अर्थात, जे गेलेच नाहीत त्यांचे स्मारक कोण उभारणार!

कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंध्यांना तर जुने गावच लाभले नाही. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ अद्याप टिकून आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही कोटी मुंबईकरांनी वर्षानुवर्षे चघळली. तिच्यात कौतुक किती आणि हेटाळणी किती, हे सांगणे कठीण आहे.

कोकणातील बेने इस्रायलींची कथा याहून जुनी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचा घाणा चालवला, शनिवारी तो बंद ठेवला आणि गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावगाड्याने समतेचे आसन दिले नाही, तेल्याची पायरी दिली. मात्र धर्म सोडण्याची अट घातली नाही. नवगावकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याच काळाची देणगी. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबागच्या सिनेगॉगची गल्ली आजही ‘इस्रायल आळी’ म्हणूनच ओळखली जाते.