बी. टी. रोडवरचा त्रिकोण

दहावीच्या त्रिकोणमितीत मनोरा आला, की विद्यार्थी त्याची उंची शोधू लागतात. आपल्या शहराच्या उत्तरेस बी. टी. रोडवर उभे असलेले दोन जुने मनोरे मात्र स्वतःची उंची मोजून घेण्यासाठी नव्हे, तर देश मोजण्यासाठी बांधले गेले. एक पाइकपाड्याला, दुसरा सुखचरला. त्यांच्यामधले सुमारे दहा किलोमीटरचे अंतर १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी धातूच्या दांड्या एकापुढे एक मांडून मोजविले. सपाट, झाडीच्या बंगालात नजर अडू नये म्हणून ही उंची.

एक बाजू व दोन कोन कळले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. मिळालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा साखळ्यांनी सर्वेक्षण हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचले.

याच १८३१ साली हिंदू कॉलेजचे तरुण विद्यार्थी राधानाथ सिकदार गणक म्हणून खात्यात रुजू झाले. नेपाळात प्रवेश नसल्याने शिखरांचे उन्नत कोन दीडशेहून अधिक किलोमीटरवरून, बिहारच्या मैदानातून घेतले गेले. येथे वर्गातला काटकोन त्रिकोण अपुरा पडतो. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळे पर्वताचा दोन किलोमीटरइतका भाग क्षितिजाखाली जातो, आणि हवेतून वाकणारा प्रकाशकिरण त्याला पुन्हा थोडा वर उचलून दाखवितो. या दोन्हींचा हिशेब करून, सहा ठाण्यांच्या निरीक्षणांवरून पंधराव्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरली. आजच्या मापाशी फरक सुमारे तीस फुटांचा. सिकदार धावत जाऊन साहेबांना ही वार्ता सांगतात, ही आख्यायिका मला अनावश्यक वाटते. घोषणा सावकाश, खात्री करून, १८५६ मध्ये झाली. शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट यांचे.

सिकदार केवळ आकड्यांचे नव्हते. १८४३ मध्ये खात्यातील मजुरांना वेठीस धरण्यास त्यांनी विरोध केला आणि दोनशे रुपये दंड सोसला. १८५१ च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत त्यांच्या लेखनाचा ऋणनिर्देश होता. १८७० मध्ये ते वारले. १८७५ च्या आवृत्तीतून नाव गाळले गेले, त्यांचे गणित मात्र राहिले. कोलकात्यातील वृत्तपत्रात त्यावर टीका झाली. २००४ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

सुखचरच्या मनोऱ्याशी यंदा दहावीचा वर्ग कोनमापक घेऊन जाणार आहे.