स्वभावप्रकार आणि घरातील नाती
माणसांच्या स्वभावाचे गट पाडून त्यांवरून घरातील जवळीक, कुरबुरी व कामाची वाटणी समजून घेण्याची रीत. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशा प्रकृती मानल्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला. आजचे संशोधक मात्र ठरीव साच्यांऐवजी कमी-अधिक प्रमाणातील पाच गुणविशेष मोजतात.

उदाहरणार्थ, नागपुरात गांधीबागेसारख्या ठोक कापडबाजारात पिढीजात दुकाने असतात. तिथे गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा भाऊ गल्ल्यावर आणि अबोल भाऊ हिशेबावर बसला, तर त्यामागे स्वभाव किती आणि थोरला-धाकटा हा मान किती, हे सांगणे अवघड.

नागपूरकर नाटककार महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) हे नाटक हा गुंता नेमका दाखवते. वडिलांच्या मृत्यूनंतर वैदर्भीय देशपांडे कुटुंब एकत्र येते. थोरला भास्कर सत्ता सोडत नाही, मुंबईकर सुधीर हिशेब करतो, बहीण प्रभा शिक्षण हुकल्याने कडवट झाली आहे आणि चंदू निमूट राबतो. प्रभाचा कडवटपणा उपजत नव्हे, घरानेच तो घडवला. स्वभावाच्या चाचण्यांत ही बाजू सहसा निसटते.