खेळरचनेतून विषयशिक्षण

शालेय विषयातला एखादा घटक शिकण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः व्हिडिओ गेम तयार करण्याची अध्यापनपद्धती. बाजारातला शैक्षणिक गेम वर्गात खेळायला देणे ही वेगळी गोष्ट; तिचा समावेश या पद्धतीत होत नाही. इथे गेमचे नियम मुले ठरवतात, गुण कशाला द्यायचे आणि डाव कधी संपवायचा हेही तीच ठरवतात. ते ठरवायचे तर विषय मुळातून समजून घ्यावा लागतो. पद्धतीचे खरे बळ यातच आहे.

सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोइरझाइग यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली आणि अमेरिकेत या विचाराला सुरुवात झाली. पुढे पेपर्ट यांच्यासोबत काम केलेल्या यास्मिन काफाई यांनी बोस्टनमधल्या एका शाळेत चौथीच्या १६ मुलांकडून अपूर्णांक शिकवणारे गेम करून घेतले. गेम खालच्या वर्गातल्या मुलांसाठी होते आणि काम काही महिने चालले. ‘माइंड्स इन प्ले’ (१९९५) या त्यांच्या पुस्तकात त्याची हकीकत आहे. त्यातली एक बाब प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक गेममध्ये गोष्ट एकीकडे आणि अपूर्णांक दुसरीकडे राहिले: उत्तर बरोबर आले की वाट मोकळी, चुकले की अडवणूक. अशा गेममध्ये अपूर्णांकाच्या जागी पाढे घातले तरी काही बिघडत नाही. विषयच गेमचा नियम होतो तेव्हा कस लागतो.

वस्तू घडवता घडवता विषय शिकण्याची कल्पना विदर्भाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. सेवाग्रामच्या शाळेत टकळीवरच्या सुताबरोबर गणित आणि कापसाबरोबर भूगोल शिकवला जाई. त्याला समवाय म्हणत. खेळरचनेची पद्धत हा समवायच आहे, साधन तेवढे बदलले.

पद्धत नेमकी कशी चालते हे समजायला भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या कारधा गावाचे उदाहरण घेता येईल. पावसाळ्यात जिल्ह्याचे लक्ष कारध्याजवळच्या नदीच्या पातळीकडे असते. तिथे धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरली जाते. ऑगस्ट २०२० अखेरच्या महापुराची आठवण गावागावांत ताजी आहे. समजा, इथल्या सहावी-सातवीच्या मुलांनी पुराचा गेम करायला घेतला: मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले जातात आणि पाणी कारध्याला पोहोचण्याआधी खेळाडूला गुरेढोरे, धान्य आणि माणसे उंचावर हलवायची असतात. पहिल्या मांडणीत मुले हमखास ‘दरवाजा उघडला की पातळी वाढव’ असा नियम लिहितील. गेम सुरू करताच गाव बुडेल, खेळाडूला हलायलाही वेळ मिळणार नाही. मग मधे वेळ घालावा लागतो आणि तो किती, हे अंतर आणि वेगाशिवाय ठरत नाही. नकाशा उघडावा लागतो. बावनथडी आणि वाघ या नद्या वैनगंगेला कुठे मिळतात, खाली गोसीखुर्द धरणाचे पाणी तुंबले तर काय, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारू लागतात.

दशांशाचेही तसेच. २४५.४५ हे २४५.५ पेक्षा मोठे, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे, असे अनेक मुलांना मनापासून वाटते. गेममध्ये धोक्याचा भोंगा २४५.५ ला वाजवायचा नियम घातला की २४५.४५ ला तो गप्प राहतो. मूल आधी संगणकाला दोष देते, नंतर वहीत मोजपट्टी काढते. लाल शेऱ्यापेक्षा ही दुरुस्ती जास्त टिकते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

असे गेम करण्यासाठी जगभर मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे साधन म्हणजे एमआयटीत तयार झालेले ‘स्क्रॅच’ (२००७). आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून त्यात गेम तयार होतो आणि ते मोफत आहे. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पाठ्यक्रमात स्क्रॅचला स्थान मिळाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. मात्र कोडिंग हा आणखी एक स्वतंत्र विषय म्हणून वेळापत्रकात बसवला, तर गणित-भूगोलाशी त्याची गाठ पडत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. एका तासिकेत गेम होत नाही, आठवडे लागतात. चित्रे आणि आवाज सजवण्यातच मुले रमतात आणि विषय मागे पडतो. संगणक मोजके असले तर चुणचुणीत मूल कळफलक अडवून बसते, बाकीची बघत राहतात. त्यामुळे आधी कागदावर, सोंगट्या-फाशांनिशी गेम खेळून पाहावा आणि मगच संगणकाकडे वळावे. मोक्षपटासारखा शिकवण देणारा पट आपल्याकडे कागदा-कापडावरच होता. गटातल्या प्रत्येकाने नियमांची वही स्वतंत्र ठेवावी: कोणता नियम बदलला, का बदलला. गेम अर्धवट राहिला तरी शिक्षकाला ही वही तपासता येते.