वस्त्रालंकृत ओलिओग्राफ

छापील चित्रातील वेशभूषेवर खरे कापड, जर, टिकल्या व मणी चिकटवून केलेले चित्र. कोलाजचा एक देशी प्रकार. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांच्या लक्ष्मी, सरस्वतीच्या चित्रांच्या रंगीत छापील प्रती, म्हणजेच ओलिओग्राफ, घरोघरी पोहोचल्या आणि कित्येक घरांत त्या सजवून काचेखाली लावल्या गेल्या. चेहरा, हात व पार्श्वभूमी छापील तशीच ठेवीत. साडीच्या रेषेबरहुकूम कापड कातरून चिकटवीत, काठाच्या जागी जरीची पट्टी लावीत, दागिन्यांवर मणी बसवीत. सपाट कागदावर साडीला असा खरा पोत व उठाव येई. कपड्याची जाण असलेल्या हातांचे हे काम आहे.

युरोपात पिकासो व ब्राक यांनी १९१२ मध्ये कोलाज आधुनिक चित्रकलेत आणला. पुढे बर्लिनमध्ये हाना ह्योख यांनी मासिकांतील फॅशनची कात्रणे वापरून चित्रे रचली. त्या स्वतः मासिकांसाठी भरतकामाचे नमुने आखत. ह्योख यांचे नाव कलेतिहासात आहे. आपल्याकडील चित्रांवर मात्र सजवणाऱ्यांची नावे सहसा आढळत नाहीत, आणि त्यांची कला रविवर्म्यांच्या नावाखालीच झाकली गेली, हा अन्यायच होय.