शौल, दावीद आणि देवाचें मौन

श्रोतेहो, नम्राची प्रार्थना देव ऐकतो आणि गर्विष्ठाची ऐकत नाहीं, असा हिब्रू धर्मग्रंथांचा सारांश पुष्कळदां सांगितला जातो. शमुवेलाच्या पुस्तकांतील दोन राजांच्या कथा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे हा हिशेब इतका सोपा राहत नाहीं.

पहिला राजा शौल. आपला बन्यामीन वंश इस्राएलांत सर्वांत लहान, असें म्हणणारा आणि निवडीच्या वेळीं सामानसुमानांत लपून बसणारा हा तरुण. पुढें अमालेकी लोकांवर जय मिळतांच त्यानें कर्मेल येथें स्वतःचें स्मारक उभारलें. शमुवेलाची आज्ञा मोडली आणि दोष लोकांवर ढकलला. अखेरीस पलिष्ट्यांची छावणी पाहून त्याचें काळीज कांपलें व त्यानें देवाला विचारलें. परंतु स्वप्नांतून, ऊरीमाच्या कौलांतून किंवा संदेष्ट्यांच्या मुखांतून उत्तर आलें नाहीं. तेव्हां भूतविद्या जाणणाऱ्या ज्या लोकांना त्यानेंच देशाबाहेर घालविलें होतें, त्यांपैकींच एका स्त्रीच्या दारीं तो वेष पालटून रात्रीं गेला. गिलबोवाच्या डोंगरावर पराभव होतांच तो आपल्याच तरवारीवर पडून मेला.

दुसरा राजा दावीद. बथशेबेच्या मोहानें त्यानें तिचा पति उरीया यास रणांत मारविलें. नाथान संदेष्ट्यानें दोष दाखवितांच मात्र राजानें सबब सांगितली नाहीं. पाप कबूल केलें. मूल आजारी पडलें. तो उपाशी, जमिनीवर पडून देवाला विनवीत राहिला. सातव्या दिवशीं मूल गेलें. ही वार्ता सांगण्यास सेवक भ्याले; पण दावीद उठला, स्नान केलें, वस्त्रें बदललीं, देवाच्या मंदिरांत जाऊन नमन केलें आणि मग अन्न मागितलें.

गर्विष्ठाला उत्तर मिळालें नाहीं, आणि नम्र झालेल्यालाही मागितलेलें मिळालें नाहीं. भेद दिसतो तो त्यानंतरच्या पावलांत. शौलानें दुसरें दार ठोठावलें. दावीद नकार देणाऱ्याच दारीं गेला.

१९९३ सालीं उत्तर इस्राएलांत तेल दान येथें ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील अरामी लेखाचा एक शिलाखंड सांपडला. त्यांत ‘दावीदाचें घराणें’ असा उल्लेख आहे, असें बहुतेक विद्वान् मानतात. तो लेख शत्रुराजाच्या विजयाची बढाई आहे. दावीदाच्या स्वकीयांनीं मात्र आपल्या थोर राजाचें पाप आणि त्याची निष्फळ विनवणी, दोन्ही जपून ठेवलीं. म्हणून, श्रोतेहो, कोणाची प्रार्थना फळली नाहीं एवढ्यावरून त्यास अहंकारी ठरविण्याची घाई निदान या ग्रंथाच्या आधारें तरी कोणीं करूं नये.