सरासरी खोली

प्राध्यापकमंडळी जमली कीं संख्याशास्त्रज्ञाची थट्टा ठरलेलीच. नदीची सरासरी खोली तीन फूट, असा हिशेब करून तो निर्धास्तपणें पाण्यांत उतरला आणि मध्यधारेंत बुडाला! आम्हीही या गोष्टीस मनमुराद हंसलों आहों. परंतु ही विद्या आपल्या देशांत ज्यांनीं रुजविली, ते प्रशांतचंद्र महालनोबीस स्वतः कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. आणि त्यांच्या आरंभींच्या कामांत पुरांचाच हिशेब होता. १९२६ सालीं ओरिसांत ब्राह्मणी नदीस पूर आला, तेव्हां नदीचें पात्र उथळ झालें, बांध उंच करा, असें इंजिनीयर म्हणूं लागले. महालनोबीसांनीं सुमारें साठ वर्षांचे आंकडे तपासून दाखविलें कीं, पात्र होतें तसेंच आहे. वरच्या खोऱ्यांत विलक्षण पाऊस पडला, एवढेंच.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर यांस पाणी पाजणारी आमची उल्हास नदीही उन्हाळ्यांत गरीबच दिसते. २६ जुलै २००५ रोजीं तिनें या भागांत हाहाकार उडविला. पुढें २०१९ सालीं त्याच तारखेस रात्रीं मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली. दुसऱ्या दिवशीं सुमारें १,०५० उतारूंची सुखरूप सुटका झाली.

वार्षिक सरासरींत अशी रात्र दिसत नाहीं. ती टोंकाच्या नोंदींत शोधावी लागते. थट्टेंतला तो बिचारा आंकड्यांवर विश्वासला म्हणून बुडाला नाहीं. एकाच आंकड्यावर थांबला म्हणून बुडाला.